लाईट आली की पहाटे तीनला भक्कन पेटणारा ‘स्मार्ट’ बल्ब : हे दिवे चालतात तरी कसे आणि लोक घेतात कशासाठी?

समजा, जालन्याच्या मस्तगड भागातलं एक घर. रात्री दीड वाजता लाईट जाते, पहाटे तीनला येते आणि झोपायच्या खोलीतला बल्ब कुणी हात न लावता पूर्ण उजेडात पेटतो. सगळं घर जागं होतं. आजी म्हणते, ‘भूत शिरलं बल्बात.’ नातू मोबाईल काढून तो विझवतो आणि सकाळी आई तो बल्ब काढून खोक्यात ठेवून देते.

स्मार्ट बल्बांबद्दलच्या तक्रारींपैकी ही अगदी नेहमीची. यात बल्ब बिघडलेला नसतो. त्याला जे शिकवून कारखान्यातून पाठवलेलं असतं, तेच तो करतो. असं का होतं हे कळायला आधी बल्बाच्या पोटात काय असतं ते बघावं लागेल.

बल्बाच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर

साधा एलईडी बल्ब म्हणजे एक सर्किट आणि काही एलईडी. घरात येणारी वीज 230 व्होल्टची, दिशा बदलणारी असते. एलईडीला हवी असते कमी दाबाची, एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर करणाऱ्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. पांढरा प्रकाश मिळतो तो मुळात निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

स्मार्ट बल्बात याशिवाय आणखी एक गोष्ट असते : नखाएवढी चिप, जिच्यात प्रोसेसर आणि रेडिओ दोन्ही असतात. बल्ब ‘बंद’ दिसतो तेव्हाही ही चिप जागीच असते आणि हुकमाची वाट बघत असते.

उजेड कमी-जास्त कसा होतो? जुन्या पिवळ्या बल्बाला वीज कमी दिली की तो मंद व्हायचा. एलईडीच्या बाबतीत बहुतेक वेळा वेगळी युक्ती वापरतात. चिप एलईडीला सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करते. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद असला, की डोळ्याला निम्मा उजेड मिळतो. ही उघडझाप पुरेशी वेगवान असेल तर जाणवत नाही, पण स्वस्त बल्बात ती संथ असते. मोबाईलचा कॅमेरा मंद केलेल्या बल्बावर धरला आणि स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, की समजायचं.

रंगांचं गणितही याच धर्तीवर. लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकारचे एलईडी आणि प्रत्येकाच्या 256 पायऱ्या. 256 ला 256 ने दोनदा गुणलं, की 1 कोटी 67 लाखांच्या वर संख्या जाते. खोक्यावर ‘16 मिलियन कलर्स’ लिहिलेलं असतं ते हेच. प्रत्यक्षात घरोघरी वापरले जातात दोन-तीन रंग, आणि जांभळा फक्त पहिल्या आठवड्यात.

मोबाईलवर बोट ठेवल्यापासून दिवा लागेपर्यंत

आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक स्मार्ट बल्ब थेट वाय-फायवर चालतात. ॲपमध्ये बटण दाबलं, की अनेकदा तो हुकूम आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशातही असू शकतो. तिथून हुकूम परत घरच्या राऊटरवर येतो आणि राऊटरकडून बल्बाला मिळतो. म्हणजे पलंगावरून चार फुटांवरचा दिवा लावायला निरोप शेकडो किलोमीटर फिरून येतो. एवढं होऊनही सगळं सेकंदाच्या आत होतं, हे मात्र मानलं पाहिजे. काही बल्ब त्याच वाय-फायवर असलेल्या मोबाईलचं थेट ऐकतात. ते घेणं कधीही चांगलं, कारण इंटरनेट बंद पडलं तरी दिवा ऐकतो.

बल्ब जोडताना हमखास एक अडचण येते. बहुतेक बल्बांना 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फायच कळतं आणि मोबाईल असतो 5 गिगाहर्ट्झवर. बल्ब ‘सापडत नाही’ असं ॲप सांगत राहतं आणि माणूस बल्ब परत करून टाकतो. राऊटरमध्ये 2.4 चं नेटवर्क वेगळ्या नावाने चालू केलं, की बहुधा काम होतं.

दुसरा रस्ता झिग्बीचा. यात बल्ब राऊटरशी न बोलता एका छोट्या हबशी बोलतात आणि एकमेकांचे निरोपही पुढे पोचवतात. ओसरीतल्या बल्बाचा निरोप जिन्यातला बल्ब घेतो आणि मागच्या खोलीत पाठवतो. जुन्या वस्तीतल्या जाड भिंतींच्या घरांना हे फार उपयोगी आहे, कारण दगडमातीची भिंत वाय-फाय बरंच अडवते. मस्तगड हे नाव ज्या किल्ल्यावरून पडलं, तो कुंडलिकेकाठचा किल्ला 1725 सालचा. त्याच्या आसपासच्या जुन्या पद्धतीच्या घरात राहणाऱ्याने बल्ब विकत घेण्याआधी मोबाईल घेऊन मागच्या खोलीत जावं आणि रेंज किती येते ते बघावं. तिथे मोबाईलच रडत असेल, तर बल्बही रडणार.

2022 च्या ऑक्टोबरात ‘मॅटर’ नावाचं एक समाईक मानक आलं. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या कंपन्या त्यात एकत्र आहेत. मॅटरचा बल्ब कुठल्याही कंपनीच्या यंत्रणेत चालावा आणि हुकूम घरातल्या घरात फिरावा, असा त्यामागचा उद्देश.

बटण बंद केलं की सगळं संपलं

आता पहाटे तीनच्या गोष्टीकडे येऊ. स्मार्ट बल्बाला सतत वीज लागते. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं, की चिप मेली आणि ॲपवर ‘ऑफलाईन’ दिसू लागलं. वीज परत आली की बल्बाला प्रश्न पडतो : आता काय करायचं? बहुतेक कंपन्यांनी उत्तर ठरवून ठेवलेलं असतं, पूर्ण उजेडात पेटायचं. कारण साधं आहे. माणसाने भिंतीवरचं बटण दाबलं तर त्याला उजेडच हवा असणार. पण बटण दाबून आलेली वीज आणि भारनियमन संपून आलेली वीज यातला फरक बल्बाला कळत नाही.

बऱ्याच ॲपमध्ये यावर तोड आहे. लाईट आल्यावर बल्बाने पेटायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत जायचं, हे सेटिंगमध्ये निवडता येतं. ‘आधीची स्थिती’ निवडली, की तो आपोआप पेटण्याचा त्रास संपतो. जिथे लाईट वरचेवर जाते, तिथे बल्ब जोडल्यावर पहिलं काम हेच करायला हवं. ज्या बल्बात ही सोय नाही, तो झोपायच्या खोलीत लावूच नये.

याच प्रकारची आणखी एक गंमत आहे. अनेक बल्ब रिसेट करायची पद्धत म्हणजे बटण लागोपाठ तीन ते पाच वेळा चालू-बंद करणं. वादळी पावसात लाईटने तशीच ये-जा केली, किंवा घरातल्या चिमुरड्याला बटणाशी खेळायचा नाद लागला, की बल्ब सगळं विसरतो आणि नव्याने जोडून घेण्यासाठी लुकलुकत बसतो.

आणि हो, बाजारात मिळणारा ‘इन्व्हर्टर बल्ब’ वेगळा. त्यात बॅटरी असते आणि लाईट गेल्यावर तो चालू राहतो. स्मार्ट बल्बाला लाईट गेल्यावर काहीच करता येत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरही त्यावर घ्यावा, नाहीतर बल्बाला वीज मिळते पण त्याला हुकूम पोचवणारं कुणी नसतं.

घरातला खरा तंटा होतो तो मात्र बटणावरून. आजोबांच्या हाताला चाळीस वर्षांची सवय असते, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद. त्यांना ‘बटण बंद करू नका’ सांगणं म्हणजे वीज वाया घालवा म्हणून सांगण्यासारखं. अशा घरात स्मार्ट बल्बापेक्षा स्मार्ट स्विच बरा. यात बल्ब साधाच राहतो, बोर्डाच्या मागे एक छोटं रिले बसतं आणि भिंतीवरचं बटणही चालतं, मोबाईलही. या रिलेला बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्विचच्या पेटीत न्यूट्रल नसल्याने हे अडतं. आपल्याकडे दिव्याच्या बटणाशेजारी बहुतेकदा सॉकेटही असतो, आणि तसं असेल तर त्या बोर्डात न्यूट्रल आलेली असते. वायरिंग जुनी असेल, तर मात्र चांगल्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय हे काम स्वतः करू नये.

वीज वाचते का?

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत हेच असतं आणि सगळ्यात जास्त फुगवलेलंही हेच. हिशोब मांडून बघू.

60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज 5 तास लावला तर वर्षाला सुमारे 110 युनिट. त्याजागी 9 वॅटचा साधा एलईडी लावला तर साडेसोळा युनिट. मोठी बचत झाली ती इथेच, आणि ती एलईडीची आहे. ती देशाने केव्हाच करून घेतली. 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेत 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले.

आता साधा एलईडी काढून 9 वॅटचा स्मार्ट बल्ब लावला. तो पेटलेला नसतो त्या 19 तासांतही त्याची चिप जागी असते. युरोपीय संघाने 2021 पासून अशा दिव्यांच्या ‘जागं राहण्यावर’ अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आहे. तोच आकडा धरला तर वर्षाला साडेतीन युनिट नुसतं वाट बघण्यात जातात. म्हणजे जो माणूस आधीच आठवणीने दिवे बंद करतो, त्याचं बिल स्मार्ट बल्बाने किंचित वाढेल. ज्या घरात जिन्यातला दिवा रात्रभर जळतो, तिथे मात्र ठरल्या वेळी बंद होणारा किंवा 30 टक्क्यांवर मंद होणारा दिवा खरोखर वीज वाचवतो. मंद केलेला एलईडी जवळपास त्याच प्रमाणात कमी वीज खातो.

मग लोक घेतात कशासाठी?

हौस हे पहिलं कारण, आणि ते मान्य करायला हरकत नाही. दिवाळीत गॅलरीचे रंग बदलता येतात, व्हिडिओ करायला मागे निळा उजेड मिळतो.

पण टिकाऊ उपयोग दुसरेच आहेत. रात्री उठून बाथरूमला जाणाऱ्या वयस्कर माणसाला अंधारात बटण शोधावं लागतं. पडझड होते ती याच वेळी. पॅसेजमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आणि 10 टक्के उजेडाचा एक दिवा, एवढ्याने हा धोका बराच कमी होतो. असा सेन्सर माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता टिपतो. माणूस आणि आसपासची भिंत यांच्या तापमानातला फरक हेच त्याचं डोळे असणं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात भिंतीच 35-36 अंशांवर गेल्या, की हा फरक जवळजवळ उरत नाही आणि सेन्सर आंधळा होऊ लागतो. उन्हाळ्यात ‘सेन्सर बिघडला’ असं वाटतं ते यामुळे. रडारच्या तत्त्वावर चालणारे नवे सेन्सर उष्णतेवर अवलंबून नसतात, पण महाग असतात.

दुसरा उपयोग बंद घराचा. लग्नकार्याला आठ दिवस गावी गेलं, की अंधारं घर लांबूनच ओळखू येतं. ॲपमध्ये ‘सूर्यास्ताला चालू’ असा नियम लावता येतो. जालन्यात दिवेलागण डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास होते आणि जूनअखेर सात वाजून गेल्यावर. ॲप हे गणित घराच्या अक्षांश-रेखांशावरून रोज नव्याने करतं. त्यामुळे ॲपमध्ये ठिकाण बरोबर भरलेलं असावं. चुकून मुंबई राहिलं, तर दिवे रोज सुमारे बारा मिनिटं उशिरा लागतील, कारण मुंबई तीन अंश पश्चिमेला आहे.

झोपेचा मुद्दाही पूर्ण खोटा नाही. डोळ्यांच्या पडद्यात निळसर उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या काही पेशी असतात आणि त्यावरून मेंदू दिवस-रात्र ठरवतो. संध्याकाळनंतर 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक उजेडाऐवजी 2700 च्या पिवळसर, मंद उजेडात बसणं बरं. मात्र दिवा पिवळा करून हातात मोबाईल घेऊन बारा वाजेपर्यंत रील्स बघितले, तर बल्बाला दोष देऊ नये.

आवाजावर चालणाऱ्या दिव्यांचं मराठी घरांत थोडं अडतं. गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी येते, अलेक्सा 2019 पासून हिंदी बोलते, पण मराठीत तिच्याशी गप्पा होत नाहीत. त्यामुळे आजी हिंदीतून दिवा लावते, आणि तोही ‘माजघर’ नव्हे, ‘बेडरूम’चा.

घेताना आणि देताना

परदेशातल्या भाच्याने प्रेमाने आणलेला बल्ब आधी वाचून बघावा. अमेरिकेतला बल्ब 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो जळेल. शिवाय त्याला आटे असतात आणि आपल्याकडचे बहुतेक होल्डर पिनांचे. जुन्या फिरत्या डिमरच्या बटणावर स्मार्ट बल्ब लावू नये. पूर्ण बंदिस्त काचेच्या गोळ्यातही नको, आतल्या उष्णतेने ड्रायव्हर लवकर जातो. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असावा.

सुरक्षेचा प्रश्न काल्पनिक नाही. 2016 मध्ये संशोधकांनी इमारतीबाहेर ड्रोन उडवून आतल्या फिलिप्स ह्यू दिव्यांचा ताबा घेऊन दाखवला. त्यांनी कंपनीला आधी कळवलं होतं आणि कंपनीने ती फट बुजवली. म्हणूनच बल्बाचं अपडेट आलं की ते टाळू नये आणि राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा.

कंपनीच बंद पडली तर? 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि हजारो घरांतली ॲप एका रात्रीत निकामी झाली. भिंतीवरची बटणं तेवढी चालत राहिली. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत सुरू केले.

भाड्याचं घर सोडताना बोर्डामागचं रिले तिथेच ठेवून जात असाल, तर ते आधी ॲपमधून काढून रिसेट करावं. नाहीतर नव्या भाडेकरूच्या हॉलचा दिवा पुण्यात बसलेल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून लागत राहील.