दुकानातल्या बिलातून ट्रेनचा खर्च: अमेरिकेतला ‘रेल्वेसाठी विक्रीकर’ नेमका काय आहे?

लोकल ट्रेनचं तिकीट स्वस्त असतं, पण ट्रेन चालवणं स्वस्त नसतं. तिकिटातून येणारे पैसे आणि प्रत्यक्ष खर्च यांत जो फरक राहतो तो कुणीतरी भरावाच लागतो. भारतात हा भार मुख्यतः केंद्र सरकारच्या रेल्वे खात्यावर पडतो. अमेरिकेतल्या अनेक भागांत मात्र तो तिथल्याच दुकानांमधल्या बिलांमधून वसूल होतो. शर्ट घ्या, टीव्ही घ्या किंवा हॉटेलात जेवा, बिलावरच्या करातले काही सेंट थेट रेल्वेला जातात. हा कर लावायचा की नाही, हे बहुतेक ठिकाणी लोक मतदान करून ठरवतात.

हा कर चालतो कसा?

अमेरिकेत भारतासारखा देशभर एकच जीएसटी नाही. बहुतेक राज्यं आपापला विक्रीकर लावतात आणि त्यावर काउंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग), शहर किंवा एखादा खास वाहतूक जिल्हा आपला छोटा कर जोडतो. कॅलिफोर्नियात राज्यभर लागू असलेला किमान दर ७.२५ टक्के आहे. स्थानिक कर त्याच्या वर लागतात, म्हणून एकाच राज्यातल्या दोन शेजारी शहरांत बिलावरचा कर वेगळा असू शकतो.

रेल्वेसाठीचा हिस्सा दिसायला अगदी लहान असतो. ‘पाव सेंट कर’ म्हणजे एका डॉलरच्या खरेदीवर पाव सेंट, म्हणजेच १०० डॉलरच्या बिलावर २५ सेंट. पण लाखो लोकांच्या रोजच्या खरेदीतून दरवर्षी कोट्यवधी डॉलर जमतात. पुढच्या वीस-तीस वर्षांच्या या उत्पन्नाच्या भरवशावर रोखे काढून आधीच कर्जही उभारता येतं.

स्थानिक कराचीच गरज का पडते?

अमेरिकेचं केंद्र सरकार नव्या मार्गांच्या बांधकामाला अनुदान देतं, पण त्यासाठी स्थानिक यंत्रणेनेही आपला वाटा टाकावा लागतो. मार्ग सुरू झाल्यावर चालकांचे पगार, वीज, डिझेल, देखभाल हा रोजचा खर्च मात्र बहुतांशी स्थानिक पातळीवरच भागवावा लागतो. मालमत्ता कर वाढवणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं. कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने त्यावर कडक मर्यादाच घातली. मग उरतो विक्रीकर. तो थोडाथोडा कापला जातो आणि बाहेरगावहून आलेल्या ग्राहकांकडूनही वसूल होतो.

उदाहरण १: स्मार्ट ट्रेन आणि दोन तृतीयांशची अट

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन आणि सोनोमा या दोन काउंट्या आहेत. तिथे ‘स्मार्ट’ नावाची प्रवासी रेल्वे धावते. कॅलिफोर्नियात सरकारी यंत्रणेने ठरावीक कामासाठी कर मांडला, तर साधं बहुमत पुरत नाही. दोन तृतीयांश मतं लागतात.

२००६ मध्ये स्मार्टसाठीचा पाव सेंटचा कर मतदानाला आला. सुमारे ६५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, तरीही प्रस्ताव पडला, कारण ६६.६७ टक्के हवे होते. २००८ मध्ये तोच विषय पुन्हा मांडला गेला आणि या वेळी जवळपास ७० टक्के मतं मिळाली. दोन्ही काउंट्यांची मतं एकत्र मोजली गेली. सोनोमात पाठिंबा जास्त होता, मरीनमध्ये कमी.

कर २००९ मध्ये सुरू झाला, पण तोवर मंदी आली होती. लोकांनी खरेदी कमी केली की विक्रीकरही कमी जमतो. परिणामी सुमारे ७० मैलांचा पूर्ण मार्ग एकदम बांधणं शक्य झालं नाही. पहिली प्रवासी गाडी ऑगस्ट २०१७ मध्ये सुटली, तीही मार्गाच्या एका भागावरच. पुढची स्थानकं टप्प्याटप्प्याने जोडली गेली. विंडसर स्थानक तर २०२५ मध्ये सुरू झालं.

हा कर मुळात २० वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंतच मंजूर झाला होता. मार्च २०२० मध्ये आणखी ३० वर्षं मुदतवाढ मागितली गेली. निम्म्याहून जास्त मतदार बाजूने होते, पण दोन तृतीयांशचा आकडा गाठता आला नाही. म्हणजे गाडी सुरू झाली, तरी तिला कर मिळत राहील याची खात्री नसते. मुदत संपत आली की पुन्हा लोकांसमोर जावं लागतं.

उदाहरण २: कॅलट्रेन, मराठी मंडळींच्या ओळखीची

सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या पट्ट्यात आयटीत काम करणारी बरीच मराठी कुटुंबं राहतात. सनीवेल, माउंटन व्ह्यू ही कॅलट्रेनची स्थानकं त्यांना चांगलीच परिचित आहेत. करोनाआधी कॅलट्रेनचा चालवण्याचा सुमारे ७० टक्के खर्च तिकिटांतूनच निघत असे. अमेरिकेत हे प्रमाण खूपच चांगलं मानलं जातं.

पण २०२० मध्ये हीच गोष्ट अंगाशी आली. लोक घरून काम करू लागले, प्रवासी नव्वद टक्क्यांहून जास्त घटले आणि कॅलट्रेनला हक्काचा असा एकही कर नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन काउंट्यांच्या मतदारांनी १०० डॉलरमागे साडेबारा सेंटचा कर ३० वर्षांसाठी मंजूर केला. त्यातून वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता. २०२४ मध्ये या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. तरीही खर्चाची तूट पूर्ण भरून निघालेली नाही.

उदाहरण ३: कर भरला, ट्रेन आलीच नाही

कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हर परिसरात २००४ मध्ये ‘फास्टट्रॅक्स’ योजनेसाठी ०.४ टक्के विक्रीकर मंजूर झाला. योजनेचा मूळ अंदाज सुमारे ४.७ अब्ज डॉलर होता. पुढे खर्च वाढत गेला आणि मंदीत कराचं उत्पन्न घटलं. २०१६ मध्ये विमानतळापर्यंतची गाडी सुरू झाली, आणखीही काही मार्ग झाले. पण बोल्डर आणि लाँगमाँटकडे जाणारा मार्ग वेस्टमिन्स्टरलाच थांबला. लाँगमाँटचे रहिवासी २००५ पासून हा कर भरत आहेत आणि वीस वर्षांनंतरही त्यांच्या गावात या योजनेची ट्रेन पोहोचलेली नव्हती. अशा करांना विरोध करणारे हे उदाहरण हमखास देतात.

यावर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप गरिबांवरच्या भाराचा. विक्रीकराचा दर सगळ्यांना सारखाच असतो. कमी पगाराच्या माणसाची बहुतेक कमाई खर्चातच जाते, त्यामुळे त्याच्या उत्पन्नातला करातला वाटा श्रीमंतापेक्षा मोठा ठरतो. कॅलिफोर्नियात बहुतेक किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं करमुक्त असल्याने हा भार थोडा हलका होतो, संपत नाही.

दुसरा आक्षेप उत्पन्नाच्या चढउताराचा. मंदीत, जेव्हा लोकांना स्वस्त प्रवासाची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच कर कमी जमतो.

तिसरा, ट्रेनमध्ये कधीच न बसणाऱ्याने पैसे का द्यावेत? समर्थकांचं उत्तर असं, की रस्त्यावरची गर्दी कमी झाली तर फायदा गाडी चालवणाऱ्यालाही होतो. हे उत्तर किती पटतं, ते गाड्या किती भरून जातात यावर अवलंबून असतं.

महाराष्ट्रात असं होऊ शकतं का?

याच स्वरूपात नाही. रेल्वे हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे. शिवाय जीएसटी आल्यावर, १ जुलै २०१७ पासून, मुंबई महापालिकेची जकातही बंद झाली. त्यामुळे महापालिकेला स्वतःचा विक्रीकर लावण्याची सोय नाही.

पण जवळ जाणारी एक गोष्ट इथे आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का अधिभार भरावा लागतो. लोक त्याला ‘मेट्रो सेस’ म्हणतात. करोनाकाळातल्या स्थगितीनंतर १ एप्रिल २०२२ पासून तो पुन्हा लागू झाला.

फरक दोन गोष्टींत आहे. अमेरिकेतला कर रोजच्या खरेदीवर सगळेच थोडाथोडा भरतात, इथला अधिभार मालमत्ता घेणारा एकदम भरतो. आणि तिथे कराचा दर, मुदत आणि पैसा कशावर खर्च होणार हे प्रस्तावात लिहून मतदारांसमोर ठेवावं लागतं, तर इथे निर्णय राज्य सरकार घेतं. मतदानामुळे स्मार्टसारखी गाडी अनेक वर्षं रखडू शकते. मात्र आपण नेमके किती पैसे देतोय, किती वर्षं आणि कशासाठी, हे लाँगमाँटच्या करदात्याला आकड्यांसह विचारता येतं.