आंब्याची अढी आणि कार्नेशनची झोप

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आईचा वाढदिवस शनिवारी होता, म्हणून शुक्रवारी ऑफिसातून येताना गुलाबी कार्नेशनची जुडी घेऊन आलो. फुलदाणी घासली, देठ तिरके कापले, पाण्यात बुडणारी पानं काढली... म्हणजे जे जे करा म्हणून सांगतात ते सगळं साग्रसंगीत केलं. रविवारी सकाळी बघतो तर पाकळ्या आत वळलेल्या. छत्री मिटावी तशी फुलं मिटलेली! देठ मात्र ताठ.

मी लगेच फुलवाल्याला फोन करून "शिळा माल खपवता का?" म्हणून चार शब्द सुनावले. आईचं वेगळंच. "माझंच चुकलं रे, काल पाहुण्यांच्या गडबडीत पाणी बदलायचं राहिलं." आता वाढदिवस तिचा, आणि वर अपराधी पण तिलाच वाटायचं? हे काही पटेना. मग सवयीप्रमाणे बग शोधायला बसलो आणि थेट १९०८ सालच्या शिकागोत जाऊन पोचलो.

पण त्याआधी थोडं मागे. तोडलेलं फूल का मरतं, तर तहानेने, हे आपलं सगळ्यांचं उत्तर. ते चूक नाहीच. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने सूर्यफुलाचं रोप कुंडीसकट वजन करून ते किती पाणी हवेत सोडतं हे मोजलं आणि १७२७ साली पुस्तकात छापलं. वर पानं-पाकळ्यांतून पाणी उडत राहणार, खालून देठाने ते ओढत राहायचं. देठाच्या नळ्यांत हवा शिरली किंवा बॅक्टेरियांचा बुळबुळीत थर बसला की पुरवठा बंद. देठ तिरका कापणं, पाणी बदलणं हे सगळे उपाय या एका दुखण्यावरचे. पण तहानलेलं फूल मान टाकतं. आमच्या फुलांनी मान टाकलीच नव्हती!

एकोणिसाव्या शतकात शहरांमध्ये कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे आले. (आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर ते १८६५ साली लागले.) युरोपात लोकांच्या लक्षात आलं की गॅसचा पाइप जिथे गळतो तिथल्या झाडांची पानं अवेळी झडतात. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या विद्यार्थ्याला दिसलं की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवे वाढतात, बाहेरच्या हवेत मात्र सरळ. त्याने दिव्याच्या गॅसमधला एकेक घटक तपासला आणि १९०१ साली गुन्हेगाराचं नाव जाहीर केलं : इथिलीन.

आता शिकागो. तिथले कार्नेशन उत्पादक वैतागले होते. ग्रीनहाऊसमधली फुलं अचानक मिटायची, कळ्या उघडायच्याच नाहीत. याला ते फुलांची 'झोप' म्हणत. या झोपेतून फूल परत उठत नाही, एवढाच काय तो फरक. शिकागो विद्यापीठातल्या विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी कार्नेशनला मोजून मापून गॅस दिला. हवेच्या ८०,००० भागांत दिव्याचा गॅस फक्त १ भाग, आणि १२ तासांत उमललेली फुलं मिटली! मग त्यांनी नुसतं इथिलीन देऊन पाहिलं. त्याला २० लाखांत १ भाग पुरला. त्या गॅसमध्ये इथिलीन साधारण ४ टक्के असायचं. ८०,००० गुणिले २५ करून बघा, बरोबर २० लाख! आकडे इतके चपखल जुळलेले बघून मला ऑफिसात बग सापडल्यावर होतो तसला आनंद झाला.

पण आमच्या घरात दिव्याचा गॅस कुठून येणार? याचं उत्तर १९३४ सालचं आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. सफरचंदच कशाला, केळं सोडतं... आणि आंबाही सोडतो.

इथे माझी ट्यूब पेटली. हॉलच्या कोपऱ्यात बाबांनी दोन पेट्या हापूसची अढी घातली होती. उन्हाळा, एसी चालू, खिडक्या बंद. आणि अढीपासून चार हातांवर फुलदाणी! पिकलेला एक आंबा शेजारच्या कच्च्यांना पिकवतो तो याच गॅसने. आजीला इथिलीन माहीत नव्हतं, पण अढी झाकून का ठेवायची हे पक्कं माहीत होतं.

गंमत म्हणजे कार्नेशनचं फूल स्वतःही इथिलीन तयार करतं. परागीभवन झालं की पाकळ्यांचं काम संपलं, मग त्या मिटवायचा निरोप हाच गॅस देतो. म्हणजे मिटणं हा बिघाड नव्हेच, ठरलेला कार्यक्रम आहे. आंब्यांनी तो निरोप वेळेआधी पोचवला, इतकंच.

हा निरोप अडवायचे उपायही निघाले. चांदीचे आयन इथिलीनचं काम बंद पाडतात हे १९७६ साली कळलं. दोनच वर्षांत नेदरलँड्समध्ये सिल्व्हर थायोसल्फेट कार्नेशनवर वापरून दाखवलं गेलं. तोडणीनंतर लगेच देठांना हे द्रावण पाजतात. पण चांदी हा जड धातू, सांडपाण्यात जाणं बरं नव्हे. पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी १-एमसीपी नावाच्या वायूचं पेटंट १९९६ साली मिळवलं. कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवावी तसा तो इथिलीनची जागा अडवून बसतो.

घरी यातलं काही लागत नाही. पुढच्या विकांताला मी दोन जुड्या आणल्या. एक हॉलमध्ये अढीजवळ, एक आतल्या खोलीत. दोन्हीकडचं पाणी रोज बदललं. हॉलमधली तिसऱ्या दिवशी झोपली, आतली नवव्या दिवसापर्यंत टवटवीत. दोन जुड्यांवरून पेपर छापता येत नाही हे मान्य, पण आईचा पाण्याचा गुन्हा माफ व्हायला तेवढं पुरे होतं.

तेव्हा मंडळी, पाणी बदला, देठ कापा, पण फळांची टोपली फुलांपासून लांब ठेवा. रात्री फुलं फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आत सफरचंदं नाहीत ना तेही बघा. पाण्यात रुपया टाकायचा तो जुना उपाय सोडा, हल्लीचा रुपया स्टीलचा असतो. आणि नुसती साखर घालू नका, ती फुलाआधी बॅक्टेरियाच खातात.

फुलवाल्याकडे जाऊन सॉरी म्हणून आलो. इथिलीनची सगळी कथा ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फुलांच्या खोलीत आम्ही फळं कधीच ठेवत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारायचंच राहिलं होतं.