उत्पत्तीच्या दोन कथा

विठ्ठल पंढरपुरी का आला, असे इथे विचारले तर कोणी म्हणेल, आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकासाठी. कोणी म्हणेल, रुसून दिंडीरवनात येऊन बसलेल्या रुक्मिणीसाठी. दोन्ही कथा शेजारी नांदतात. एकीसाठी दुसरी कोणी खोडत नाही. अशा गावच्या वाचकाला हिब्रू धर्मग्रंथाचे पहिले पान परके वाटू नये.

'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात सृष्टीच्या कथा दोन आहेत. पहिलीत अथांग पाण्यावर अंधार पसरलेला. देव बोलतो आणि प्रकाश होतो. झाडेझुडपे तिसऱ्या दिवशी, सूर्यचंद्र चौथ्या, स्त्रीपुरुष सहाव्या दिवशी एकदमच. सातवा दिवस विसाव्याचा. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून नूर पालटतो. जमीन कोरडी, काहीच उगवलेले नाही. देव मातीचा पुरुष घडवतो, त्याच्या नाकात श्वास फुंकतो, बाग लावतो, मग प्राणी घडवतो आणि सर्वांत शेवटी स्त्री. देवाचा उल्लेखही इथे वेगळ्या नावाने येतो. त्या फरकाचा धागा धरून झाँ आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने 1753 मध्ये यामागे निरनिराळे मूळ लेख असावेत असे मांडले, आणि या अभ्यासाला दिशा मिळाली.

पहिल्या कथेपाशी मात्र रेंगाळावे. इसवी सनापूर्वी 586च्या सुमारास बॅबिलोनच्या फौजेने जेरुसलेमचे मंदिर पाडले, तिथल्या ज्यू लोकांना बॅबिलोनला नेले. त्या काळाच्या आसपास ही कथा आजच्या रूपात आली, असे बरेच अभ्यासक मानतात. बॅबिलोनच्या सृष्टिकाव्यात मार्दुक हा देव तियामत या सागरदेवतेला मारून तिच्या देहाचे आकाश करतो. ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज स्मिथने मातीच्या पाट्यांवरचा हा मजकूर 1876 मध्ये पुस्तकरूपाने वाचकांपुढे आणला. हिब्रू कथेत युद्धच नाही. जेत्यांचे देव असलेले सूर्यचंद्र इथे नावानेही येत नाहीत. फक्त मोठी ज्योत आणि लहान ज्योत. पराभूतांनी किती शांतपणे केवढे धाडस केले आहे! मला हा साऱ्या ग्रंथातला सर्वांत निर्भय भाग वाटतो.

मराठीत ही कथा जुनीच आहे. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्सचे ही कथा सांगणारे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात 1616 मध्ये छापले गेले. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. पंडिता रमाबाईंनी केडगावला या ग्रंथाचे मूळ हिब्रूवरून भाषांतर केले.

नव्या वाचकाने आधी दोन्ही अध्याय वेगवेगळ्या दिवशी वाचावेत, त्यांचा मेळ घालण्याची घाई करू नये. मग 104वे स्तोत्र आणि ईयोबाच्या पुस्तकाचा 38वा अध्याय घ्यावा. तिथे सृष्टीची आणखी दोन चित्रे भेटतात.