चाकणच्या चार पोलो: १०५ पीएसचा इतिहास

१/ चाकणच्या एकाच कारखान्यातून २०१० ते २०१४ या काळात एकाच नावाच्या चार वेगवान गाड्या बाहेर पडल्या. चौघींची कमाल ताकद एकच: १०५ पीएस. इंजिने मात्र वेगवेगळी: आधी १५९८ सीसी, मग ११९७, पुन्हा १५९८ आणि शेवटी १४९८. ताकद तीच ठेवून इंजिन सारखे का बदलत राहिले? या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा अर्थसंकल्पात अधिक सापडते. आजचा धागा त्याविषयी.

२/ हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत सामील झालेले पुनावळे आज महामार्गालगतची उंच इमारतींची वस्ती आहे. हिंजवडीत किंवा चाकणला नोकरी करणारा तरुण इथे पहिली गाडी शोधतो, तेव्हा त्याला तीन गोष्टी एकदम हव्या असतात: चालवताना मजा यावी, इंधनाचा खर्च झेपावा आणि किंमत खिशाला परवडावी. मग तो वापरलेल्या गाड्यांकडे वळतो आणि तिथे त्याची गाठ या चौघींशी पडते.

३/ पूर्वपीठिका मुंबईची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये घडणाऱ्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते. १९८५ साली आलेल्या प्रीमियर ११८ एनईमध्ये निसानचे ११७१ सीसी इंजिन बसले आणि वेगाची थोडी चव मिळाली. पुढे २००१ मध्ये फियाट पालिओ १.६ आली. सुमारे शंभर अश्वशक्तीच्या या गाडीवर गाडीवेडे फिदा झाले. पेट्रोल पिण्याची तिची ख्याती मात्र तितकीच पसरली. मजा आणि मायलेज यांचे जमत नाही, ही समजूत त्या काळात पक्की झाली.

४/ दुसरे टोक पिंपरीचे. डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका बाजारात आणली. तिचे १४०५ सीसी डिझेल इंजिन काटकसरी होते, आतली जागा ऐसपैस होती, पण वेग हा तिचा प्रांत नव्हता. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्रातल्या ग्राहकापुढे असे दोनच मार्ग उरले होते: कुर्ल्याची मजा किंवा पिंपरीची बचत.

५/ हे चित्र बदलले ते दिल्लीत, २००६ च्या अर्थसंकल्पात. ‘छोटी गाडी’ म्हणजे काय, याची व्याख्या ठरली: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या चौकटीत बसणाऱ्या गाडीवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. ताकदीचा किंवा प्रत्यक्ष मायलेजचा या व्याख्येत उल्लेखही नव्हता. मोजायचे होते ते फक्त आकारमान.

६/ परिणाम लवकर दिसले. टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून २००८ मध्ये चार मीटरच्या आत बसणारी इंडिगो सीएस आणली. मारुतीच्या स्विफ्टचे १.३ लिटर पेट्रोल इंजिन अवघ्या शंभर सीसीने चौकटीबाहेर पडत होते. २०१० मध्ये त्याजागी १.२ लिटरचे आले. करनियमाने गाड्यांचा आकार ठरवण्याचे युग सुरू झाले होते. चाकणचा कारखाना नेमका याच वेळी उभा राहिला.

७/ फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. गुंतवणूक सुमारे ३,८०० कोटी रुपयांची. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे पोलोचे उत्पादन सुरू झाले आणि २०१० च्या आरंभी गाडी बाजारात आली. लांबी ३९७० मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या आत, अवघी तीन सेंटिमीटर राखून. मूळ इंजिने १.२ लिटरची, ७५ पीएसच्या आसपासची. गाडीचा सांगाडा भक्कम, महामार्गावर पकड उत्तम. ताकद मात्र बेताची. वेगवान पोलोची कहाणी इथून पुढची.

८/ पहिली वेगवान पोलो: १.६ पेट्रोल, १५९८ सीसी, १०५ पीएस, १५३ न्यूटन-मीटर. टर्बो नाही, गुंतागुंत नाही, साधा पाच-गती गिअरबॉक्स. लांबी नियमात बसत होती, इंजिन बसत नव्हते. त्यामुळे कर चढा आणि किंमतही चढी. ही गाडी फार काळ टिकली नाही. आज तिचे चाहते मोजके पण निष्ठावान आहेत.

९/ दुसरी: एप्रिल २०१३ ची जीटी टीएसआय. इंजिन ११९७ सीसी, म्हणजे मर्यादेच्या तीन सीसी आत. आकारमानातली तूट टर्बोने भरून काढली: ताकद तीच १०५ पीएस, पीळ मात्र वाढून १७५ न्यूटन-मीटर. जोडीला दोन कोरड्या क्लचचा सात-गती स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स. अधिकृत मायलेज लिटरमागे सुमारे १७.२ किलोमीटर. पालिओच्या काळी अशक्य वाटणारा मेळ कराच्या रेट्यामुळे जमून आला होता.

१०/ तिसरी आणि चौथी डिझेलच्या. २०१३ मध्येच जीटी टीडीआय आली: १५९८ सीसी, १०५ पीएस, २५० न्यूटन-मीटर. डिझेलची मर्यादा १५०० ची, म्हणजे ही पुन्हा चौकटीबाहेर. वर्षभरातच, २०१४ च्या मध्यावर, तिचे इंजिन बदलून १४९८ सीसीचे झाले. ताकद तीच, पीळही तोच. दोन सीसी राखून ती ‘छोटी गाडी’ ठरली. अधिकृत मायलेज सुमारे १९.९.

११/ हे मायलेजचे आकडे येतात कुठून? कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआय या संस्थेचे नाव त्यांना चिकटले आहे. चाचणी मात्र रस्त्यावर होत नाही. गाडी रुळांवर उभी करून ११८० सेकंदांचे ठरलेले चक्र चालवले जाते: अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. ना घाट, ना खड्डे, ना पुनावळ्याच्या भुयारी मार्गाजवळची रांग. गंमत अशी की या चक्राचे इंग्रजी संक्षिप्त नाव एमआयडीसी. आपल्या औद्योगिक वसाहतींचेही तेच. म्हणून हा आकडा दोन गाड्यांच्या तुलनेपुरता घ्यावा. महिन्याचा खर्च त्यावरून ठरवू नये.

१२/ प्रयोगशाळा आणि रस्ता यांतली ही दरी सप्टेंबर २०१५ मध्ये जगभर गाजली. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारी संगणकप्रणाली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. भारतात एआरएआयने तपासणी केली आणि १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. १.५ आणि १.६ लिटरची डिझेल इंजिने त्यांत होती. भारतीय नियम मोडल्याचे कंपनीने मान्य केले नाही. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

१३/ एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली आणि भारतातल्या पोलोमधून डिझेल कायमचे गेले. १.२ टर्बोही गेली. त्याजागी ९९९ सीसीचे, ११० पीएसचे १.० टीएसआय आले, आणि वेगवान पेट्रोल पोलोला हाताने बदलायचा गिअर पुन्हा मिळाला. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादनच थांबले. १५९८ पासून ९९९ पर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांचा. ताकद मात्र पाच पीएसने वाढलेलीच.

१४/ चाकणला पर्याय रांजणगावचा. तिथल्या कारखान्यात घडलेल्या फियाट पुंटोमध्ये १२४८ सीसीचे मल्टीजेट डिझेल ९० पीएस ताकदीतही मिळे. सुकाणूचा अचूकपणा आणि वळणावरची स्थिरता यांसाठी ती आजही वाखाणली जाते. २०१९ च्या सुमारास फियाटच्या गाड्यांची विक्री थांबली, म्हणून किंमत घसरली. याच घराण्याचे इंजिन मारुतीने आणि टाटांनीही वापरल्यामुळे इंजिनाचे जाणकार मिस्त्री भेटतात. दिवे, बंपर, दारांचे पत्रे यांचा शोध मात्र कठीण.

१५/ आता निवडीकडे. इथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक सवय उपयोगी पडते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला. गाडी विकणाऱ्याचे बोलणे ही बखर: रसाळ, पण नंतर रचलेली. ‘एकाच हाताने चालवली’, ‘फक्त महामार्गावर फिरली’ ही त्यातली ठरलेली वाक्ये. सर्व्हिसच्या तारखा, किलोमीटरच्या नोंदी आणि बिले हे अस्सल कागद. मीटरवरचा आकडा या नोंदींशी जुळला तरच ग्राह्य धरावा.

१६/ पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा. त्यावरील सीसीचा आकडा वाचला की आपण चौघींपैकी कोणासमोर उभे आहोत ते कळते. मागच्या दारावरचा बिल्ला कोणीही चिकटवू शकतो. निर्मितीचा महिना, कर्जाचा बोजा आणि कितवा मालक हे त्याच कागदावर सापडते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून लवादाचे आणि पुढे न्यायालयाचे निर्बंध आल्याने तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. एमएच-१४ ची पाटी असली तरी गाडीची पहिली नोंदणी कुठली, हे विचारावे.

१७/ दुसरा कागद दुरुस्तीचा. जीटी टीएसआय असेल तर डीएसजीचा इतिहास पाहावा. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभर या सात-गती गिअरबॉक्समधले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम घेतली होती. कोरडा क्लच रांगत्या वाहतुकीत तापतो आणि झिजतो. वाकड-हिंजवडीची संध्याकाळ त्याला मानवत नाही. चढावर, सावकाश, एसी चालू ठेवून गाडी पुढे-मागे घ्यावी. झटके बसले तर सौदा थांबवावा. डिझेल असेल तर परत बोलावणीतले काम झाले का, हे अधिकृत केंद्रात चासी क्रमांकावरून पडताळावे.

१८/ तिसरा प्रश्न वयाचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१० च्या १.६ पेट्रोलला २०२५ मध्येच ती मर्यादा गाठली. पुढे फेरनोंदणी, तपासणी आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर. भर म्हणून पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज त्यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि रबरी सील तपासणे त्यामुळे गरजेचे झाले आहे.

१९/ थोडे गणित. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर अधिकृत आकड्यांनुसार जीटी टीएसआयला ५८ लिटर पेट्रोल लागते, १.५ टीडीआयला ५० लिटर डिझेल. डिझेलचा कमी दर धरून बचत महिन्याला साधारण दीड हजार रुपये, वर्षाला अठरा हजार. इंजेक्टर किंवा टर्बोचे एक मोठे काम निघाले तर ही बचत त्यातच जाते. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यालाच डिझेलचा हिशेब जुळतो.

२०/ मग कोणती घ्यावी?
• रोज हिंजवडी आणि क्वचित लांबचा प्रवास: बजेट ताणता येत असेल तर हाताच्या गिअरची १.० टीएसआय.
• दर आठवड्याला सातारा-कोल्हापूर: नोंदी पूर्ण असलेली १.५ टीडीआय.
• बजेट तोकडे, हौस दांडगी, ओळखीचा मिस्त्री: पुंटो ९० किंवा १.६ पेट्रोल.
• जीटी टीएसआय: डीएसजीचे कागद हाती असतील आणि दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवली असेल तरच.

२१/ २००६ ची रेषा अजून पुसलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले: छोट्या गाडीवर १८ टक्के, मोठीवर ४०. व्याख्या तीच: चार मीटर, १२०० आणि १५०० सीसी. आज शोरूममध्ये दिसणारी गाडी दहा वर्षांनी पुनावळ्याच्या एखाद्या सोसायटीत वापरलेली म्हणून विकली जाईल, तेव्हा तिच्या इंजिनाचा आकारही याच रेषेने ठरवलेला असेल.

तुमच्या घरच्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर किती सीसी लिहिले आहेत? मर्यादेच्या किती आत किंवा किती बाहेर? खाली जरूर लिहा. धागा समाप्त.