अनोळखी मृतांची ओळख : हौशी शोधकांचे कार्य

पोलिसांत किंवा न्यायवैद्यक खात्यात नोकरीला नसलेल्या सामान्य माणसांनी, नाव-गाव न कळता पुरल्या गेलेल्या किंवा शवागारात पडून राहिलेल्या मृतांची ओळख पटवण्यासाठी स्वखुशीने चालवलेले काम. हे काम मुख्यतः अमेरिकेत १९९० नंतर वाढले. तेथील न्याय खात्याच्या २००४ सालच्या पाहणीनुसार, देशात एका वर्षात सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेहांची नोंद होई आणि त्यांतले सुमारे १,००० वर्ष उलटल्यावरही अनोळखीच राहत. मृत्यूची चौकशी तेथे एका खात्याच्या हाती नाही. कुठे काउंटीने निवडून दिलेला कोरोनर ती करतो, कुठे वैद्यकीय परीक्षक. (कोरोनरचे पद मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते.) हरवलेल्या माणसाची तक्रार मात्र त्याच्या राहत्या गावच्या पोलिसांकडे जाते. एका राज्यात सापडलेले प्रेत आणि दुसऱ्या राज्यात नोंदवलेली तक्रार या दोन कागदांची गाठ पडावी अशी सोय कित्येक दशके नव्हती. हौशी शोधकांनी हात घातला तो याच उणिवेला.

या कामाची सुरुवात बहुतेक जण ‘टेंट गर्ल’ प्रकरणापासून धरतात. १७ मे १९६८ रोजी केंटकी राज्यातील जॉर्जटाउनजवळ विल्बर रिडल हा बोअर खणण्याचा धंदा करणारा माणूस हमरस्त्याच्या कडेने विजेच्या तारांवरचे टाकून दिलेले काचेचे इन्सुलेटर शोधत फिरत होता. त्याला हिरव्या जाड कॅनव्हासमध्ये गुंडाळून दोरीने बांधलेले गाठोडे दिसले. आत एका तरुण स्त्रीचे कुजलेले प्रेत होते. कॅनव्हास तंबूच्या कापडासारखा असल्याने वर्तमानपत्रांनी तिला ‘टेंट गर्ल’ हे नाव दिले. तपास थंडावला. तिला जॉर्जटाउनच्या दफनभूमीत पुरण्यात आले आणि पुढे १९७१ साली स्थानिकांनी थडग्यावर दगड बसवला. त्यावर पोलीस चित्रकाराने काढलेला तिचा अंदाजी चेहरा कोरला होता आणि खाली वर्णन होते. वय अंदाजे सोळा ते एकोणीस असे त्यात म्हटले होते.

रिडलच्या मुलीशी लग्न केलेला टॉड मॅथ्यूज हा टेनेसीतल्या लिव्हिंग्स्टन गावचा कारखाना कामगार. सासऱ्याकडून १९८७च्या सुमारास ही हकिकत ऐकली तेव्हा तो जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. पुढची दहा वर्षे त्याने जुनी कात्रणे जमवली, ग्रंथालये धुंडाळली आणि घरी संगणक आल्यावर रात्रीची जागरणे करून हरवलेल्यांच्या जाहिराती वाचल्या. जानेवारी १९९८मध्ये त्याला आर्कान्सातील एका बाईने टाकलेली विचारणा सापडली. तिची थोरली बहीण १९६७च्या अखेरीपासून बेपत्ता होती आणि तिला शेवटचे पाहिले गेले होते केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात. हे शहर प्रेत सापडले त्याच्या शेजारच्याच काउंटीत आहे. मार्च १९९८मध्ये प्रेत उकरून काढले गेले. बहिणीच्या रक्ताशी डीएनए ताडून पाहिल्यावर एप्रिलमध्ये ओळख पक्की झाली : बार्बरा ॲन हॅकमन टेलर, वय चोवीस. संशय तिच्या पतीवर होता. पण तो १९८७ सालीच वारला होता, त्यामुळे खटला उभा राहिला नाही. बहिणींनी तिला जॉर्जटाउनलाच राहू दिले आणि जुन्या दगडाला तिच्या खऱ्या नावाची जोड दिली.

या प्रकरणातला खरा धडा वयाच्या त्या अंदाजात आहे. प्रेतावरून सांगितलेले वय, उंची, केसांचा रंग हे सगळे अदमास असतात. एकदा कागदावर चढले की मात्र ते वस्तुस्थितीसारखे वागवले जातात. तीस वर्षे लोक एका शाळकरी मुलीला शोधत राहिले आणि चोविशीतल्या विवाहितेकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जाणकार हौशी शोधक म्हणूनच नोंदीतल्या आकड्यापेक्षा न बदलणाऱ्या खुणांना अधिक मान देतात : मोडून जुळलेले हाड, शस्त्रक्रियेचा व्रण, दातांतले भरण, गोंदण, अंगावरचा एखादा दागिना.

१९९९मध्ये ‘डो नेटवर्क’ ही स्वयंसेवकांची संघटना निघाली. अमेरिकेत अनोळखी मृताला कागदोपत्री ‘जॉन डो’ किंवा ‘जेन डो’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. मॅथ्यूज तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक. बेपत्ता आणि अनोळखी मृत अशा दोन याद्या शेजारी ठेवून जुळणी शोधायची, हे तिचे काम. सुचलेली प्रत्येक जोडी आधी संघटनेतील अनुभवी मंडळी तपासतात आणि त्यांना पटली तरच ती संबंधित पोलिसांकडे किंवा कोरोनरकडे जाते. ही चाळणी अतिशय महत्त्वाची आहे. दिवसाला डझनभर फोन करून अधिकाऱ्याला हैराण करणारा शोधक खऱ्या माहितीची वाटही बंद करतो. मॅथ्यूजनेच न्यायवैद्यक चित्रकारांचा ‘प्रोजेक्ट ईडॅन’ सुरू केला. त्यात चित्रकार कवटीवरून किंवा शवागारातील छायाचित्रावरून मृताचा चेहरा विनामूल्य काढून देतात.

सरकारला हे शहाणपण थोडे उशिरा सुचले. न्याय खात्याची ‘नेमस’ ही माहितीपेढी २००७पासून टप्प्याटप्प्याने उघडली आणि २००९मध्ये तिच्यातील मृतांची व बेपत्तांची यादी एकमेकींना जोडली गेली. तिचा मोठा भाग कोणाही नागरिकाला पाहता येतो. मॅथ्यूज स्वतः पुढे या यंत्रणेत नोकरीस लागला.

याद्या जुळवण्याच्या पद्धतीला एक मूलभूत मर्यादा आहे : हरवल्याची तक्रारच नसेल तर जुळवणार कशाशी? ही कोंडी वंशावळशास्त्राने फोडली. पोलिसांच्या डीएनए माहितीपेढीत वीसेक ठरावीक जागांचीच नोंद असते. तिच्यावरून तीच व्यक्ती किंवा आईवडील-भावंडांसारखे अगदी जवळचे नाते ओळखता येते. वंशावळीसाठी केलेल्या चाचणीत मात्र लाखो जागा वाचल्या जातात, त्यामुळे पणजोबांच्या पिढीत एकत्र येणारे दूरचे चुलत-मावस भाऊबंदही दिसतात. दोघांत सामाईक असलेल्या डीएनएची लांबी सेंटीमॉर्गन या एककात मोजतात आणि त्यावरून नात्याचे अंतर ठरवतात. पुढचे काम जनगणना, जन्म-विवाहाच्या नोंदी आणि मृत्युलेख चाळत घराण्याची झाडे वाढवण्याचे. हौशी वंशावळकार हे काम आपापल्या घराण्यांसाठी वर्षानुवर्षे करत आलेच होते. २०१०मध्ये दोन हौशी मंडळींनीच सुरू केलेल्या ‘जेडमॅच’वर कोणालाही आपली डीएनए माहिती तुलनेसाठी ठेवता येऊ लागली.

कोलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी २०१७मध्ये ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. तिचे पहिले गाजलेले यश ‘बकस्किन गर्ल’चे. २४ एप्रिल १९८१ रोजी ओहायो राज्यातील मायामी काउंटीत, रस्त्याकडेच्या चरात, झालरीचे हरणाच्या कातड्याचे जाकीट घातलेली एक तरुणी मृतावस्थेत आढळली होती. तिच्या रक्ताचा नमुना जपून ठेवलेला होता. त्यावरून तयार झालेली माहिती जेडमॅचवर चढवल्यानंतर अवघ्या काही तासांत जवळचा नातेवाईक सापडला आणि एप्रिल २०१८मध्ये, सदतीस वर्षांनी, तिला मार्शा किंग हे नाव परत मिळाले. ती आर्कान्साची, वय एकवीस. बेपत्तांच्या अधिकृत यादीत ती कधी नव्हतीच. मुलगी कधीतरी फोन करील या आशेने तिच्या आईने घर बदलले नव्हते आणि फोनचा क्रमांकही.

न्यू हॅम्पशरमधील बेअर ब्रुक प्रकरणात जुनी आणि नवी पद्धत एकाच मुक्कामाला पोहोचली. ॲलन्सटाउनजवळच्या जंगलात १९८५ आणि २००० साली सापडलेल्या दोन पिंपांत एक स्त्री आणि तीन लहान मुली यांचे अवशेष होते. कनेटिकटमधील रेबेका हीथ या ग्रंथपालबाईंनी नातेवाइकांनी फार पूर्वी टाकलेल्या विचारणा चिकाटीने वाचून २०१८मध्ये त्यांतल्या एका कुटुंबाचा माग काढला. त्याच काळात बार्बरा रे-व्हेंटर या निवृत्त पेटंट वकील वंशावळीच्या अंगाने त्याच नावांकडे येत होत्या. मूळ नसलेल्या केसातून डीएनए मिळवण्याची एड ग्रीन या शास्त्रज्ञाची पद्धत त्यांच्या हाताशी होती. जून २०१९मध्ये पोलिसांनी आई आणि दोन मुलींची नावे जाहीर केली.

ऑस्ट्रेलियातील ‘सॉमर्टन मॅन’चे कोडे याहून जुने. १ डिसेंबर १९४८ रोजी ॲडिलेडजवळच्या किनाऱ्यावर सापडलेल्या या माणसाच्या खिशात उमर खय्यामच्या रुबायांच्या पुस्तकातून फाडलेला कागदाचा कपटा होता. त्यामुळे तो हेर असल्याच्या कथा सात दशके चालल्या. डेरेक ॲबट या प्राध्यापकाने त्याच्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकलेले केस मिळवले आणि फिट्झपॅट्रिक यांच्यासह २०२२मध्ये तो मेलबर्नचा कार्ल वेब असल्याचे सांगितले. त्यांच्या मते तो विद्युत अभियंता होता. हा निष्कर्ष त्या दोघांचा आहे. जाहीर झाला तेव्हा पोलिसांनी त्यावर मोहोर उठवली नव्हती.

या कामात इजा करण्याची ताकदही आहे. जुलै २०१८मध्ये फ्लॉरिडातील बिग सायप्रस अरण्यात एका भटक्या पदयात्रीचा मृतदेह तंबूत सापडला. अन्न आणि पैसे जवळ असूनही तो उपाशी मेलेला दिसत होता. वाटेत भेटलेल्यांना तो आवडला होता. हजारो लोकांनी त्याची एक प्रेमळ प्रतिमा मनात रंगवली आणि डीएनए चाचणीसाठी वर्गणीही काढली. २०२०च्या अखेरीस ओळख पटली तेव्हा त्याच्याकडून मारहाण सोसलेल्या स्त्रिया पुढे आल्या. वॉशिंग्टन राज्यात २००१ साली ‘लाइल स्टेविक’ या खोट्या नावाने लॉजमध्ये उतरून आत्महत्या केलेल्या तरुणाची ओळख २०१८मध्ये पटली. तो आपल्याशी संबंध तोडून कुठेतरी जगत असेल, अशी घरच्यांची समजूत होती. त्यांच्या विनंतीवरून त्याचे खरे नाव जाहीर झाले नाही, आणि ते योग्यच झाले. ओळख पटवणे हे घरच्यांसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नव्हे.

डीएनए माहितीपेढ्यांबद्दलही वाद आहे. गुन्हेगार शोधण्यासाठी जेडमॅचचा वापर होत असल्याचे २०१८मध्ये उघड झाल्यावर अनेकांनी आक्षेप घेतला. मे २०१९पासून पोलिसांना आपली माहिती दाखवायची की नाही हे सभासदाने स्वतः ठरवावे असा नियम आला. दुसरी अडचण अधिक खोल आहे. स्वतःची चाचणी करून घेणाऱ्यांत युरोपीय वंशाच्या अमेरिकनांचा भरणा असल्याने मेक्सिकोच्या सीमेवर मेलेले स्थलांतरित, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अमेरिकन यांचे नातेवाईक या याद्यांत कमी सापडतात आणि त्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. दक्षिण आशियाई वंशाच्या मृतांबाबतही हीच अडचण येते. जवळचा नातेवाईक नसेल तर दूरच्या डझनभर धाग्यांवरून झाड उभारावे लागते, आणि नोंदी नसलेल्या गावापाशी ते खुंटते.