मूळ रंग कुठल्या प्रिंटचा?

निगेटिव्हला स्वतःचा रंग नसतो, असं आम्ही लॅबवाले नव्या उमेदवाराला पहिल्याच दिवशी सांगायचो. रंगाची नोंद असते, पण पडद्यावर आभाळ किती निळं आणि नायिकेचा गाल किती गुलाबी, हे निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या मधे ठरतं. ठरतं तेही तीन आकड्यांत. प्रिंटिंग मशीनवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड, प्रत्येकाला १ ते ५० पॉइंट, मधला आकडा २५. लाल वाढवला की प्रिंट लाल होत नाही, उलट हिरवट-निळी होते. हिरवा वाढवला की किरमिजी, निळा वाढवला की पिवळी. शॉटमागून शॉट असे तीन-तीन आकडे लावत जायचं, पहिली प्रिंट काढायची, कॅमेरामनला दाखवायची, शिव्या खायच्या, आकडे बदलायचे. मुंबईतल्या लॅबमध्ये ग्रेडर म्हणून माझी उमर गेली ती या उलट्या गणितात.

म्हणून भाच्याने त्याच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये भल्यामोठ्या टीव्हीवर १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ लावला आणि म्हणाला, “मामा, हे बघ, ओरिजिनल कलर,” तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, “कुठल्या प्रिंटचे?”

त्याला वाटलं मामा खोडी काढतोय. पण सगळी कथा या प्रश्नातच आहे.

‘स्टार वॉर्स’ अमेरिकेत २५ मे १९७७ ला लागला. तिथल्या थिएटरांत गेलेल्या प्रिंट डीलक्स लॅबच्या, ईस्टमन स्टॉकवरच्या, म्हणजे कोडॅकच्या फिल्मवरच्या. त्या काळच्या ईस्टमन पॉझिटिव्हचा रोग आम्हाला चांगलाच माहीत होता. त्यातला सायन, म्हणजे हिरवट-निळा रंग, अंधाऱ्या बंद डब्यातसुद्धा झपाट्याने उडतो. मागे किरमिजी आणि थोडा पिवळा उरतो. डबा उघडून रीळ टेबलावर घेतलं की समुद्र गुलाबी, झाडं तपकिरी, माणसं सगळी उकडल्यासारखी. १९८० च्या सुमारास मार्टिन स्कॉर्सेसीने याविरुद्ध मोहीम उघडली, कोडॅकला जाब विचारला, आणि पुढच्या काही वर्षांत कमी उडणारा स्टॉक बाजारात आला. तोवरच्या प्रिंटचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अमेरिकन प्रेक्षकांनी त्या उन्हाळ्यात रांगा लावून जे रंग पाहिले, ते ज्या प्रिंटमध्ये होते त्या प्रिंट आज गुलाबी आहेत.

मग मूळ रंग उरले कुठे? ब्रिटनमध्ये.

टेक्निकलर हे नाव आपल्याकडे नुसतं भडक रंगाला लावतात. पण त्या कंपनीची खरी पद्धत आमच्या धंद्यातली सगळ्यात देखणी चीज होती. ईस्टमन प्रिंटमध्ये रंग रसायनातून फिल्मच्या आतच तयार होतो. टेक्निकलरमध्ये तो बाहेरून छापला जायचा. निगेटिव्हवरून तीन वेगळ्या फिल्म काढायच्या, त्यांवर जिलेटिनचा उंचसखल उठाव यायचा. जिथे उठाव जाड तिथे रंग जास्त शोषला जाणार. एक फिल्म पिवळ्या रंगात बुडवायची, दुसरी किरमिजी, तिसरी सायन, आणि कोऱ्या पट्टीवर एकामागून एक दाबायची, छिप्याने साडीवर तीन रंगांचे ठसे नेमके एकमेकांवर बसवावेत तशी. केसभर सरकलं तर कडांना रंगाची झालर येणार. रंग असा बाहेरून येत असल्यामुळे छापखान्याला टिकाऊ रंग निवडायची मोकळीक होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची टेक्निकलर प्रिंट आजही लालला लाल दाखवते.

हे काम परवडायचं ते प्रिंट शेकड्याने काढायच्या तेव्हाच. हॉलिवूडमधलं टेक्निकलरचं छपाईखातं सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद पडलं. ‘गॉडफादर’चा दुसरा भाग तिथल्या शेवटच्या कामांपैकी. लंडनचा कारखाना मात्र १९७८ पर्यंत तग धरून होता. त्यामुळे ‘स्टार वॉर्स’च्या ब्रिटनमधल्या काही प्रिंट या जुन्या पद्धतीने छापल्या गेल्या. अगदी थोडक्यात वाचलेलं प्रकरण. चित्रपट दोन वर्षं उशिरा आला असता तर आज तुलनेला काही उरलंच नसतं. (पुढे हीच छपाई चीनमध्ये बीजिंगच्या लॅबने चालवली आणि ती १९९० च्या दशकात थांबली. झांग यिमोच्या ‘जू डू’चे ते लाल-पिवळे रंगीत कापडाचे तागे आठवा.)

आता या चित्रपटाच्या दिग्दर्शकाकडे वळू. १९८८ मध्ये जुने कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवायचं पेव अमेरिकेत फुटलं होतं, तेव्हा जॉर्ज लुकस तिथल्या संसदेपुढे जाऊन बोलला, की कलाकृतीशी अशी छेडछाड होता कामा नये. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ राष्ट्रीय चित्रपट नोंदणीच्या पहिल्या पंचवीसांत आला. आणि १९९७ मध्ये त्याच लुकसने ‘स्पेशल एडिशन’ काढली. नवे प्राणी, नवी दृश्यं, एका प्रसंगात कोण आधी गोळी झाडतो तेही बदललेलं. त्यासाठी मूळ निगेटिव्ह उघडली तेव्हा तिची अवस्था वाईट निघाली होती, हे खरं. काही ट्रिक शॉट ज्या रिव्हर्सल स्टॉकवर होते तो फार लवकर उडणारा. जुळणीसाठी त्यांनी आधार घेतला तो लुकसकडच्या टेक्निकलर प्रिंटचाच. काम मेहनतीचं झालं. पण जुने शॉट काढून नवे त्याच निगेटिव्हमध्ये बसवले गेले. २००४ मध्ये डीव्हीडी निघाली तेव्हा जुनं रूप आपल्या लेखी आता अस्तित्वातच नाही, अशा अर्थाचं लुकस बोलून गेला.

त्या डीव्हीडीने लोक खरे पेटले. काळा रंग इतका दाबलेला की सावलीतलं सगळं गिळून टाकलेलं. यानात नायक ल्यूक प्रकाशाच्या तलवारीचा सराव करतो तिथे त्याची निळी तलवार हिरवट झालेली. २००६ मध्ये ओरड ऐकून मूळ रूप जोडडिस्क म्हणून दिलं, पण तेही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी बनवलेल्या जुन्या व्हिडिओवरून, मोठ्या पडद्यावर पिंजारलेलं दिसणारं. माझ्या मते त्या दिवशी त्यांनी हे काम हौशी लोकांच्या हाती सोपवून टाकलं.

पहिली मोठी खटपट चेक देशातल्या एका तरुणाची, इंग्रजी शिकवणाऱ्या. त्याने २०११ च्या आसपास ‘डिस्पेशलाइज्ड एडिशन’ नावाने जी आवृत्ती फिरवली ती गोधडी होती. ब्लू-रेचा स्पष्टपणा घ्यायचा, बदललेल्या जागी जुन्या व्हिडिओतला तुकडा लावायचा, आणि रंग टेक्निकलर प्रिंटच्या नमुन्यांशी जुळवायचे. घरच्या संगणकावर. ग्रेडर म्हणून मी त्याला सलाम करतो, पण मला त्यात जोड दिसतात. वेगवेगळ्या स्टॉकचे तुकडे एका रिळात आले की ते लपवणं आमच्याही हातचं नव्हतं.

भाच्याने लावलेली प्रत दुसऱ्या मंडळींची होती, नाव ‘४के७७’, साल २०१८. यांनी अधिकृत डिस्कपासून सुरुवात केली नाही. १९७७ ची खरीखुरी ३५ एमएम टेक्निकलर प्रिंट मिळवली आणि फ्रेमन् फ्रेम स्कॅन केली. दोन तासांचा चित्रपट म्हणजे पावणेदोन लाखांच्या घरात फ्रेम. अख्ख्या आवृत्तीतला ९७ टक्के भाग त्या एका प्रिंटमधला आहे असं ते सांगतात. उरलेला जिथे रीळ फाटलं-तुटलं होतं तिथे दुसरीकडून.

मी सोफ्यावरून उठून टीव्हीपासून हातभर अंतरावर उभा राहिलो. भाचेसून हसली. पण मला कथा बघायचीच नव्हती. वाळवंटातली वाळू पिवळीधमक नाही, फिकट आहे. भिंतींच्या करड्या रंगात हिरव्याची किंचित झाक, टेक्निकलरला शोभेल अशी. तलवारींचा गाभा जवळजवळ पांढरा, रंग फक्त कडेला. त्या बुटक्या यंत्रमानवाच्या अंगावरचे निळे पत्रे अवकाशातल्या शॉटमध्ये काळे दिसतात. कारण उघड आहे, शूटिंग निळ्या पडद्यासमोर, आणि निळा पडदा कापताना पत्रेही कापले गेले. नंतरच्या आवृत्तीत ते निळे करून टाकले. चूक दुरुस्त झाली असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, १९७७ मधल्या ट्रिक खात्याची सही पुसली.

रिळाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात दोनदा चमकणारे गोल ठिपकेही ठेवलेत. ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करायची ती खूण. ते ठेवावेत की काढावेत यावर या मंडळींत वाद होतात म्हणे. ओरखड्यांवरून वाद नाही, ते हाताने पुसायचे. ईस्टमन प्रिंटवरचे ओरखडे तर हिरवे असतात, कारण तिच्यात किरमिजी थर सगळ्यात वर असतो. तो खरवडला की खालचे दोन मिळून हिरवं दिसतं, अजून खोल गेलं की पिवळं, त्याहून खोल गेलं की पांढरं. ओरखड्याचा रंग बघून तो किती खोल ते आम्ही सांगायचो. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा फोन बाजूला ठेवला.

तर मग हे मूळ रंग म्हणायचे का? एका प्रिंटचे मूळ रंग, हो. त्या प्रिंटशी ही मंडळी इमानदार आहेत. पण लंडनच्या टेक्निकलरचा छपाईवाला आणि अमेरिकेतल्या डीलक्सचा ग्रेडर यांनी एकच चित्रपट दोन हातांनी काढला. कॅमेरामन गिल्बर्ट टेलरने सेटवर एक पाहिलं, न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाने दुसरं, लंडनच्या प्रेक्षकाने तिसरं. त्यात मशीनचा दिवा. कार्बनच्या कांडीचा उजेड आणि झेनॉनचा उजेड सारखा नसतो. आमच्याच लॅबची एकाच दिवशी निघालेली प्रिंट दादरला एक दिसायची आणि सोलापूरला एक.

म्हणून मूळ रंगाची बढाई मी थोडी सैल करून ऐकतो. तरी पारडं हौशींकडेच झुकतं, कारण त्यांच्या हातात निदान पुरावा आहे. अधिकृत प्रतींवर मात्र तसा भरवसा ठेवता येत नाही. ‘द मॅट्रिक्स’ १९९९ मध्ये थिएटरात होता त्याहून कितीतरी हिरवा २००४ च्या डीव्हीडीत झाला, पुढच्या भागांशी जुळावा म्हणून. ‘फ्रेंच कनेक्शन’ची २००९ ची ब्लू-रे तर दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने स्वतःच धुवट, रंग सांडल्यासारखी करून घेतली. त्याचा कॅमेरामन ओवेन रॉइझमन उघडपणे भडकला, आणि २०१२ मध्ये रंग बदलून ती पुन्हा काढावी लागली. दिग्दर्शकाला म्हातारपणी आपला चित्रपट वेगळा दिसू लागतो. त्याचा हक्क मान्य. पण मग जुनीही द्या, शेजारी ठेवा.

कायद्याने बघितलं तर ही सगळी खटपट बेकायदा. मंडळी सांगतात, अधिकृत डिस्क विकत घ्या आणि मगच आमची प्रत बघा. कोर्टात याला काडीची किंमत नाही. तरी मालकांनी आजवर फारसं अंगावर घेतलेलं नाही.

जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवाची सुरुवातच १९७७ च्या न उडालेल्या टेक्निकलर प्रिंटने केली. इतकी वर्षं ती त्यांच्या थंड कोठारात, शून्याखालच्या तापमानात होती. संस्थेच्या कोठारातली प्रिंट, अधिकृत खेळ, भर पडद्यावर. हौशी लोक ज्याच्या आधारावर भांडत होते तोच पुरावा.

आपल्याकडे असं भांडायला काय आहे? शांतारामबापूंनी १९३३ मध्ये प्रभातचा ‘सैरंध्री’ रंगीत करायला जर्मनी गाठली, पण रंग मनासारखे आले नाहीत. ते नेमके कसे बिघडले होते, हे आज कुणाला दाखवता येणार? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात २००३ मध्ये आग लागली, त्यात जुनी नायट्रेट रिळं गेली, प्रभातचीही. ‘पिंजरा’ १९७२ चा, २०१६ मध्ये नव्याने साफ होऊन थिएटरात आला, आणि लोकांनी आनंदाने पाहिला. तमाशाच्या फडातला तो लाल १९७२ मध्ये इतकाच लाल होता का, हे विचारायला मात्र शेजारी ठेवलेली त्या वर्षीची प्रिंट लागते. जत्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या थिएटरात अशा प्रिंट वर्षानुवर्षं फिरल्या आणि मग भंगारात गेल्या, चांदी निघते या आशेने. काळ्या-पांढऱ्या रिळातून ती निघते. रंगीत प्रिंटची चांदी लॅबमध्ये धुतानाच निघून जाते, साउंडट्रॅकची बारीक पट्टी तेवढी सोडली तर. तेव्हा कुणाच्या माळ्यावर जुन्या मराठी चित्रपटाचं रंगीत रीळ असेल, गुलाबी पडलेलं का असेना, तर भंगारवाल्याला देऊन हातात काही पडणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे द्या. डब्यावर लॅबचं नाव असेल तर ते पुसू नका.