नुमाइशीचे दिवे

हैदराबाद शहराच्या आग्नेय अंगास, विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दिलसुखनगर नावाची गजबजलेली वस्ती आहे. दिलसुखराम प्रसाद या जमीनमालकांच्या नावावरून तिला हे नाव पडले. त्यांच्या शेतजमिनीचे भूखंड पाडले गेले, त्यांवर घरे उभी राहिली, आणि मलकपेठेपलीकडचे शिवार शहरात सामावून गेले. आज तेथे शिकवणीचे वर्ग, कापडाची दुकाने, साईबाबांचे देऊळ आणि चित्रपटगृहे यांची दाटी आहे. मात्र जानेवारी महिना उजाडला, की या वस्तीतील कुटुंबांची पावले एका निराळ्याच दिशेला वळतात. अबिड्सजवळच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलच्या परिसरातील नाताळचे दिवे अजून उतरलेले नसतात, तोच नामपल्लीच्या मैदानावर नुमाइशीचे दिवे लागतात. आजी, सून, जावई, शाळकरी पोरे, कडेवरचे मूल असा सारा बारदाना संध्याकाळी घराबाहेर पडतो. दिवे पाहावेत, पाळण्यात बसावे, चार नव्या वस्तू हाताळाव्यात, घरी होत नाही असा एखादा पदार्थ चाखावा, एवढाच काय तो हेतू!

हे दृश्य इतके परिचयाचे आहे, की त्यालाही काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः केवळ करमणुकीसाठी सहकुटुंब बाहेर पडणे ही आपल्या समाजात फार जुनी रीत नव्हे. जत्रा होत्या, उरूस होते, पंढरीची वारी होती, त्रिपुरी पौर्णिमेला पेटणाऱ्या दीपमाळा होत्या. तेथे मिठाई होती, पाळणे होते आणि बांगड्यांची दुकानेही होती. पण घराबाहेर पडण्याचे कारण देवाचे असे. मौज त्याच्या पाठीमागून येई. तमाशा पाहावयास पुरुष जात, हळदीकुंकवास बायका जात, आणि मुले आपापली गल्लीत खेळत. एकाच घरातील सर्वांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, निव्वळ आनंदासाठी जावे, यासाठी काही गोष्टी आधी घडून याव्या लागल्या. रात्रीचा उजेड, स्वस्त वाहन, परवडणारे तिकीट आणि स्त्रियांना निर्धास्तपणे वावरता येईल अशी जागा, या त्या चार गोष्टी होत.

या चारांतील काही प्रथम विलायतेत जुळून आल्या. 1 मे 1851 रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील काचमहालात सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे महाप्रदर्शन उघडले. काही आठवड्यांनी एका शिलिंगाचे तिकीट निघाले आणि आगगाडीने गावोगावचे कारागीर बायकामुलांसह लोटले. पाच-साडेपाच महिन्यांत सुमारे 60 लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. त्यातून उरलेल्या सुमारे 1 लाख 86 हजार पौंडांच्या नफ्याचे पुढे काय झाले, हे अधिक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या पैशांतून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेण्यात आली आणि तेथे मोठमोठी संग्रहालये व विद्यालये उभी राहिली. लोकांच्या मौजेचा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे वळविता येतो, हा धडा त्या प्रदर्शनाने घालून दिला. काचमहालात रात्रीचे दिवे नव्हते. ती उणीव 1893 च्या शिकागोच्या जागतिक मेळ्याने विजेच्या लखलखाटाने भरून काढली.

हिंदुस्थानात प्रदर्शनांना स्वदेशीची जोड मिळाली. 1901 च्या कलकत्ता अधिवेशनापासून काँग्रेसबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरविण्याचा प्रघात पडला, आणि 1904 साली मुंबईतही ते भरले. स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्न मात्र सर्वत्र नाजूक होता. 1896 च्या जुलै महिन्यात मुंबईत ल्युमिएर बंधूंची चालती चित्रे प्रथम आली, तेव्हा नॉव्हेल्टी थिएटरातील खेळांसाठी पडदानशीन स्त्रियांकरिता व त्यांच्या कुटुंबांकरिता राखीव कक्ष ठेवल्याची जाहिरात करावी लागली होती. कुटुंबाला करमणुकीच्या जागी आणावयाचे, तर आधी स्त्रियांच्या जागेची सोय करावी लागते, हे व्यवसाय करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते.

हैदराबादेत हे सारे धागे 1938 साली एकत्र आले. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधर संघाच्या अर्थसमितीतील तरुणांना संस्थानाच्या आर्थिक स्थितीची पाहणी करावयाची होती. पाहणीस पैसा हवा, आणि पैसा तर हाती नाही! तेव्हा राज्यात तयार होणाऱ्या मालाचे प्रदर्शन भरवावे आणि त्याच्या उत्पन्नातून पाहणीचा खर्च भागवावा, अशी कल्पना निघाली. बागेआम या सार्वजनिक उद्यानात मोजकी दुकाने मांडून दहा दिवसांचे प्रदर्शन भरले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ‘नुमाइश मस्नुआते मुल्की’ म्हणजे मुलखात बनलेल्या वस्तूंचे प्रदर्शन, असे त्याचे नाव होते. लोकांच्या तोंडी त्यातील पहिलाच शब्द राहिला.

त्यातील ‘मुल्की’ हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे तेव्हा याच मुलखाचे घटक होते, आणि हैदराबाद ही मराठवाड्याची राजधानी होती. औरंगाबादचा हिमरू, पैठणची पैठणी, नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचे कापड आणि बिदरचे रुपेरी नक्षीचे काम ही सारी एकाच राज्याची दौलत होती. मनमाडहून निघणारी मीटरगेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत काचीगुड्यास पोहोचे. न्यायालयाचे काम, सरकारी नोकरी आणि महाविद्यालयाचे शिक्षण यांसाठी मराठी कुटुंबे या वाटेने येत राहिली. 1907 साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शाळा त्यांच्या वस्तीची साक्ष देते. 1956 च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचनेने पाचही जिल्हे मुंबई राज्याकडे गेले. राजधानी दुरावली; परंतु तेथे स्थायिक झालेली मराठी घरे तेथेच राहिली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे त्यांचेही वर्ष नुमाइशीने सुरू होऊ लागले.

दरम्यान प्रदर्शनाचा पसारा वाढत होता. बागेआमची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा 1946 साली, सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, ते नामपल्लीच्या विस्तीर्ण मैदानावर आले. पुढची दोन वर्षे फाळणीची, रझाकारांच्या अत्याचारांची आणि पोलीस कारवाईची होती. 1947 आणि 1948 या साली प्रदर्शन भरलेच नाही. 1949 साली ते पुन्हा उघडले, तेव्हा उद्घाटनास गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, आणि त्याला अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन हे नाव मिळाले. ‘मुल्की’ची सीमा गळून पडली. काश्मीरची शाल, लखनौचे चिकनकाम आणि ठिकठिकाणची हातमागाची वस्त्रे हैदराबादच्या घरापर्यंत आली. राज्य बदलले, सीमा बदलल्या, सरकारे बदलली. तथापि दिवे पाहावयास येणारे कुटुंब तेच राहिले.

या प्रदर्शनाने केलेली दोन कामे विशेष मोलाची आहेत. एक दिवस केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची प्रथा येथे रुजली. ज्या शहरात पडद्याची चाल मातब्बर होती, तेथे कोणाच्याही सोबतीवाचून, स्वतःच्या पसंतीने, दुकानादुकानांतून हिंडण्याचा अनुभव या एका दिवसाने अनेकींना दिला. दुसरे काम नफ्याच्या विनियोगाचे होय. प्रदर्शन चालविणाऱ्या एक्झिबिशन सोसायटीने मिळालेला पैसा शिक्षणसंस्थांत घातला. नामपल्लीचे सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू तंत्रनिकेतन या मुलींच्या संस्था त्यांपैकीच आहेत. मातेने पाळण्यात बसण्यासाठी मोजलेल्या आण्यांतून लेकीच्या शाळेची भिंत उभी राहावी, असा हा हिशेब आहे. चैनीला उधळपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो एकवार मांडून पाहावा.

सहलीचे दुसरे अंग म्हणजे जिभेचे. नवा पदार्थ चाखण्याचे धाडस माणूस एकट्याने क्वचितच करतो. चार घरची माणसे सोबत असली म्हणजे ते सोपे जाते. 1834 साली अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ मुंबईस उतरला. त्याच सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले. पाहुण्यांना पडसे झाले, आणि परक्या पदार्थाच्या मोहाची ही योग्यच शिक्षा, असा शेरा ‘मुंबई समाचार’ने मारल्याचे सांगतात. आज त्याच आइसक्रीमसाठी हैदराबादची कुटुंबे नुमाइशीहून परतताना मोअज्जमजाही मार्केटपाशी थांबतात. 1935 साली बांधलेल्या या दगडी बाजारात हाताने घुसळलेले फळांचे आइसक्रीम मिळते, आणि सीताफळाच्या हंगामात तर तेथे उभे राहावयास जागा नसते. प्रदर्शनाच्या मैदानावर मिरचीची भजी, हलीम आणि बर्फाचे रंगीत गोळे यांच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते. मराठी घरातील आजीबाई तिखटाने डोळे पुसत असतात, आणि नातू दुसऱ्या भज्याकडे हात नेत असतो.

याच गोठविलेल्या अन्नाने पुढे एक उलटी वाट काढली. 1954 साली अमेरिकेत स्वान्सन कंपनीने गोठविलेले तयार जेवण बाजारात आणले. ॲल्युमिनियमच्या ताटलीत टर्कीचे मांस, वाटाणे आणि रताळी यांचे निरनिराळे कप्पे होते, खोक्यावर दूरचित्रवाणी संचाचे रूप होते, आणि किंमत 98 सेंट होती. ताटली भट्टीत गरम करावी आणि पडद्यासमोर बसून खावी, अशी ती योजना. कुटुंब एकत्र बसे खरे. पण प्रत्येकाची दृष्टी पडद्यावर खिळलेली असे. आपल्याकडेही शीतकपाटात गोठविलेले वाटाणे आणि पराठे आले आहेत. नोकरी करून दमून येणाऱ्या गृहिणीचे श्रम त्यांनी वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. नवे खाणे घरात येणे वाईट नव्हे. परंतु करमणूक आणि खाणे ही दोन्ही घरपोच मिळू लागली, की बाहेर पडण्याचे निमित्त उरत नाही. निमित्त गेले म्हणजे शेजारी, अनोळखी, निराळ्या भाषेचा आणि निराळ्या धर्माचा माणूस ज्या एका जागी आपल्याबरोबर हसतो, तीही जागा हातची जाते.

ही जागा किती नाजूक असते, याचा अनुभव दिलसुखनगरला आहे. 21 फेब्रुवारी 2013 च्या संध्याकाळी त्या वस्तीत चित्रपटगृहांच्या आणि खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या परिसरात लागोपाठ दोन स्फोट झाले आणि अनेक निरपराध माणसे प्राणास मुकली. बसची वाट पाहणारे विद्यार्थी, चहाफराळास आलेले नोकरदार आणि चित्रपटाला निघालेले लोक यांनीच तो रस्ता भरलेला होता. म्हणजे घाव घालणाऱ्यांनी नेमकी सामान्य माणसाच्या विरंगुळ्याची वेळ आणि जागा निवडली होती. नुमाइशीवरही संकटे आली. 30 जानेवारी 2019 च्या रात्री मैदानावर आग लागली आणि शेकडो दुकाने भस्मसात झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. मात्र दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या व्यापाऱ्यांचा हंगामाचा माल राखेला मिळाला. थोड्याच दिवसांत प्रदर्शन पुन्हा सुरू झाले, आणि पुढील वर्षी आग विझविण्याची व्यवस्था नव्याने उभारल्यावरच दरवाजे उघडले. 2021 साली महामारीमुळे ते भरले नाही. 2022 साली उद्घाटनापाठोपाठ बंद करावे लागून फेब्रुवारीअखेर पुन्हा सुरू झाले. प्रत्येक खंडानंतर लोक परत आले, ही गोष्ट सहज घडलेली नाही. पाण्याचे नळ, रुंद वाटा, पहारा आणि दिवे यांची काळजी कोणी तरी घेतली, म्हणून आई मुलाचे बोट धरून पुन्हा गर्दीत शिरली.

वाहनाच्या सोयीचीही यात मोठी भर पडली आहे. 24 सप्टेंबर 2018 पासून दिलसुखनगरावरून मेट्रो गाडी धावू लागली. मूसारामबाग, न्यू मार्केट, मलकपेठ, महात्मा गांधी बसस्थानक, उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय अशी स्थानके घेत ती गांधी भवनास पोहोचते, आणि प्रदर्शनाचे दार तेथून हाकेच्या अंतरावर आहे. नुमाइशीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत गाड्या सोडण्याचा निर्णय अनेकदा घेतला गेला आहे. 2025 साली प्रवेशाचे तिकीट 50 रुपयांचे होते. पाच माणसांच्या घरालाही ही संध्याकाळ आवाक्याबाहेरची वाटू नये, इतपत ही रक्कम आहे. ती तशीच राहावी, याकडे चालकांनी लक्ष दिले पाहिजे, कारण तिकीट चढत गेले की गर्दीतून प्रथम गरिबाचे मूल नाहीसे होते.

1938 साली काही पदवीधरांनी आपल्या मुलखाची गरिबी मोजण्यासाठी दिवे लावले. ती पाहणी आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. दिवे मात्र प्रतिवर्षी लागतात, आणि त्यांच्या उत्पन्नावर मुली शिकतात. मोठ्या इमारती, मोठी युद्धे आणि मोठी माणसे यांनाच आपण इतिहास समजतो. पण ज्या मैदानावर तीन पिढ्या निर्भयपणे एकत्र हिंडू शकतात, ते मैदान राखणे हेही एखाद्या नगराचे मोठेच कर्तृत्व होय. दिलसुखनगरहून सुटणाऱ्या गाडीत जानेवारीच्या संध्याकाळी जी पोरे खिडकीला नाक लावून उभी असतात, त्यांना यातील काहीच ठाऊक नसते. त्यांना ते ठाऊक असण्याची गरजही नाही. मोठ्यांनी मात्र ते विसरता कामा नये.